बसवलेली किडनी आठ-दहा वर्षांनी का मंदावते?

सातपूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: मिस्टरांचं वय 41. 2017 मध्ये मुंबईत ट्रान्सप्लांट झालं, किडनी सासूबाईंनी दिली. मिस्टर अंबडला कारखान्यात तीन पाळ्यांत कामाला आहेत. सहा-सात वर्षं क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी मंदावली की वाढतो) 1.2-1.3 होतं. गेल्या वर्षभरात आधी 1.6, मग 1.9, आता 2.3 आलंय आणि लघवीतून प्रोटीन जातंय. डॉक्टर म्हणाले, "क्रॉनिक रिजेक्शन वाटतंय, बायोप्सी करून बघू." घरातली मोठी माणसं म्हणतात, सुई खुपसून उरलीसुरली किडनी कशाला घालवायची. ताई विचारतात, सख्ख्या आईची किडनी, गोळ्या चालू, तरी असं का व्हावं? पुन्हा डायलिसिस लागेल का? आणि लागलं तर मी किडनी देऊ शकते का?

ताई, बायोप्सी (सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं) करून घ्या आणि लवकर करून घ्या. हे आधी सांगतो, कारण उत्तर लांबणार आहे आणि सगळं वाचून होईपर्यंत हा निर्णय अडून राहायला नको.

क्रिएटिनिन 2.3 हा आकडा किडनी मंदावली आहे एवढंच सांगतो. का मंदावली, ते त्या आकड्यातून कळत नाही. आणि आमच्या कामात सगळं त्या 'का'वर चालतं, कारण ट्रान्सप्लांटमध्ये दोन कारणांचे उपाय एकमेकांच्या अगदी उलट असू शकतात. शरीराने किडनीवर हल्ला चढवला असेल, म्हणजे रिजेक्शन असेल, तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवावी लागतात. बीके नावाच्या व्हायरसने किडनीत घर केलं असेल तर तीच औषधं कमी करावी लागतात. इथे अंदाजाने चालून निर्णय चुकला, तर उरलेली किडनी आपल्याच हाताने घालवल्यासारखं होतं. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमस या मुख्य गोळीनेच किडनीला इजा झाली असेल तर तिसराच मार्ग. मूत्रनलिका अरुंद झाली असेल किंवा किडनीच्या धमनीत अडथळा असेल तर गोळ्यांचा प्रश्नच नाही, तो अडथळा काढायचा. या पाचही कारणांच्या रुग्णांचं क्रिएटिनिन 2.3 असू शकतं.

'क्रॉनिक रिजेक्शन' हे नाव आमच्या क्षेत्रात बरीच वर्षं सरसकट वापरलं गेलं. हळूहळू बंद पडणाऱ्या प्रत्येक किडनीला हेच लेबल लावलं जायचं आणि ते एकदा लागलं की पुढे शोध घेणं थांबायचं. 1991 मध्ये कॅनडातल्या बॅन्फ गावी जमलेल्या तज्ज्ञांनी बायोप्सी कशी वाचायची याचे समान नियम करायला सुरुवात केली. ते नियम अजूनही दर दोन-तीन वर्षांनी सुधारले जातात, आणि त्यांच्यामुळे या एका नावाखाली किती वेगवेगळे आजार लपले होते ते दिसू लागलं. तुमच्या डॉक्टरांनी नाव सांगून न थांबता बायोप्सी सुचवली, म्हणजे ते योग्य दिशेने चालले आहेत.

बायोप्सीच्या आधी काही साध्या तपासण्या होतील, त्या टाळू नका. किडनीची सोनोग्राफी आणि डॉपलर (रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी), लघवीचं कल्चर, टॅक्रोलिमसची लेव्हल, रक्तातल्या बीके व्हायरसची पीसीआर, साखर, आणि 'डीएसए', म्हणजे सासूबाईंच्या किडनीविरुद्ध मिस्टरांच्या रक्तात अँटिबॉडी तयार झाल्या आहेत का, हे पाहणारी तपासणी. डीएसए महाग आहे आणि नमुना बहुतेक वेळा मुंबई-पुण्याला जातो, रिपोर्टला वेळ लागतो. तरी करा.

आता आईच्या किडनीबद्दल. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरात विचारतात, आणि त्यामागे बऱ्याचदा आईच्या मनातली अपराधाची भावना असते, "माझीच किडनी कमी पडली का?" सासूबाईंना सांगा, तसं काही नाही. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर ओळख सांगणारी प्रथिनं असतात, त्यांना एचएलए म्हणतात. मुलाला अर्धा संच आईकडून मिळतो, अर्धा वडिलांकडून. म्हणजे आईच्या किडनीतली निम्मी ओळख मुलाच्या शरीराला घरची असते आणि उरलेली निम्मी, जी आईला तिच्या आईवडिलांपैकी दुसऱ्याकडून मिळालेली असते, ती परकीच. सख्ख्या भावंडांमध्ये संपूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक. आईच्या बाबतीत ती निम्म्यावरच थांबते, दोन्ही घराण्यांत योगायोगाने सारखेपणा असेल तेवढा अपवाद. त्यामुळे आईची असो वा परक्याची, गोळ्या आयुष्यभर लागतात.

(सासूबाईंचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो, त्यांचं स्वतःचं बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन शेवटचं कधी तपासलं? किडनी देणाऱ्याने वर्षातून एकदा हे करायचं असतं आणि आपल्याकडे ऑपरेशनचे टाके निघाले की दात्याला सगळे विसरून जातात.)

गोळ्या नीट चालू असतात तोवर शरीराची फौज त्या परक्या निम्म्या ओळखीकडे काणाडोळा करते. औषधाची पातळी वारंवार खाली गेली की फौज जागी होते आणि अँटिबॉडी बनवायला लागते. उशिरा बनणाऱ्या या अँटिबॉडी बऱ्याचदा एचएलएच्या 'डीक्यू' नावाच्या भागाविरुद्ध असतात. त्या किडनीतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला चिकटतात. अस्तर दुखावतं, भरून येतं, पुन्हा दुखावतं. रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या भिंती दुहेरी आणि जाड होत जातात, मग त्यांतून प्रोटीन गळायला लागतं, आणि क्रिएटिनिन वाढतं ते सगळ्यात शेवटी. अँटिबॉडी तयार झाल्यापासून क्रिएटिनिन हलेपर्यंत कित्येक महिने, अनेकदा वर्षं जातात. ताप नाही, पोटात दुखणं नाही. बसवलेल्या किडनीच्या नसा जोडलेल्याच नसतात, त्यामुळे ती दुखून सांगत नाही.

म्हणून "गेल्या महिन्यात काय खाण्यात आलं?" असं शोधून काही हाती लागणार नाही. मागे जायचं असेल तर चार-पाच वर्षं मागे जा.

"गोळ्या चालू होत्या" हे वाक्य मी रोज ऐकतो आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण गोळी चालू असणं आणि रक्तातली पातळी टिकून असणं, यात बरंच अंतर आहे. तुमच्या मिस्टरांचंच घ्या. टॅक्रोलिमस बारा तासांच्या अंतराने घ्यायची. कारखान्यात सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात अशा पाळ्या असतील, तर दिवसातला प्रत्येक तास कधी ना कधी कामाचाच असतो. नऊ-नऊची वेळ ठरवली तर पहिल्या पाळीला सकाळची गोळी मशीनवर आणि दुसऱ्या पाळीला रात्रीची गोळी मशीनवर. सहा-सहा ठरवली तरी तीच गत. बऱ्याच प्लांटमध्ये मोबाईल आत नेऊ देत नाहीत, म्हणजे अलार्मही गेला. मग माणूस म्हणतो, घरी गेल्यावर घेऊ. पाळी बदलते त्या आठवड्यात अंतर कधी सोळा तासांचं होतं, कधी आठचं. एकही गोळी चुकलेली नसते, पाकिटं वेळेवर संपतात, आणि पातळी मात्र झोक्यावर बसलेली असते. टॅक्रोलिमसची पातळी सतत वरखाली होणं हे किडनी लवकर जाण्याशी जोडलेलं आहे, हे आता चांगलं माहीत झालं आहे. यावर इलाज आहे. दिवसातून एकदाच घ्यायची, हळूहळू विरघळणारी टॅक्रोलिमस मिळते. डॉक्टरांना विचारा. मात्र दोन्ही प्रकार आपल्या मनाने अदलाबदल करू नका. बदलल्यावर लेव्हल पुन्हा तपासावी लागते. तोवर एक छोटं पाकीट डब्याच्या पिशवीत आणि मनगटावर अलार्मचं साधं घड्याळ.

दुसरी जागा म्हणजे लेव्हलची तपासणी. ती रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी करायची असते. आता प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. माणूस सकाळी उठतो, सवयीने गोळी घेतो, चहा घेतो, रिक्षाने लॅबला जातो. रांग असते. साडेदहाला रक्त काढतात. रिपोर्टवर 14 येतात. खरी पातळी कदाचित पाच असेल, पण गोळी नुकतीच रक्तात चढलेली असताना नमुना गेला. रिपोर्टच्या कागदावर गोळीची वेळ कुणीच लिहिलेली नसते. पाहणाऱ्याला वाटतं लेव्हल फार वाढली, आणि डोस कमी होतो. पुढची तपासणी चार महिन्यांनी. ते चार महिने किडनी जवळजवळ उघड्यावर. मिस्टरांची जुनी फाईल काढा आणि असा अचानक उंच आलेला एखादा आकडा व त्यानंतर कमी झालेला डोस दिसतो का पाहा. यापुढे लॅबच्या फॉर्मवर रात्रीची गोळी किती वाजता घेतली ते स्वतः लिहा आणि सकाळची गोळी खिशात घेऊनच जा.

तिसरी जागा आहे दुसरी औषधं. टॅक्रोलिमस यकृतात ज्या रसायनाने मोडली जाते, त्याच्यावर परिणाम करणारी औषधं खूप आहेत. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल ही पातळी वाढवतात. फिटच्या फेनिटोइन, कार्बामाझेपिनसारख्या गोळ्या पातळी पाडतात. आपल्याकडे एक खास प्रकार चालतो. खर्च वाचावा म्हणून डॉक्टर मुद्दाम डिल्टियाझेम जोडतात. ती बीपीही उतरवते आणि टॅक्रोलिमसची पातळी वाढवते, त्यामुळे टॅक्रोलिमस कमी लागते. उपाय चांगला आहे. मग कधीतरी गावाकडच्या डॉक्टरांनी चांगल्या हेतूने 'बीपीची गोळी' बदलून अॅम्लोडिपिन दिली, की खालचा आधारच निघतो. टॅक्रोलिमसचा डोस तोच, पातळी अर्ध्यावर. कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण बीपी उत्तम असतं.

सगळ्यात मोठा फटका टीबीच्या औषधाने बसतो. ट्रान्सप्लांटच्या रुग्णांना टीबी होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त आहे, आणि आपल्या भागात टीबी काही दुर्मिळ नाही. निदान झालं की सरकारी केंद्रातून औषधं फुकट मिळतात आणि त्यात रिफॅम्पिसिन असतं. ते चालू झालं की आठवडा-दोन आठवड्यांत टॅक्रोलिमसची पातळी इतकी कोसळते की डोस दुप्पट-तिप्पट, कधी पाचपट करावा लागतो. काही वेळा रिफॅम्पिसिनऐवजी दुसरं औषध घेऊन योजना आखावी लागते. टीबीचा कोर्स संपला आणि डोस परत उतरवायला विसरलं, तर उलटा धोका. म्हणून टीबीचा आणि किडनीचा डॉक्टर एकमेकांशी बोललेच पाहिजेत. ते आपणहून बोलतील यावर विसंबू नका, तुम्ही बोलवून घ्या.

फळांबद्दल नाशिककरांना नेहमी एक शंका असते, म्हणून सांगून टाकतो. द्राक्षं चालतात, स्वच्छ धुऊन खा. मनाई ग्रेपफ्रूटला आणि त्याच्या भाऊबंद पपनसाला आहे. गौरी-गणपतीत पपनस घरात येतं, तेवढं मिस्टरांच्या ताटात नको.

आणि 2020. त्या वर्षी मुंबईला फॉलोअपला जाणं शक्य नव्हतं, कसाऱ्याच्या पुढे रस्ता बंद. कितीतरी रुग्णांची लेव्हल वर्षभर झाली नाही. काहींच्या नोकऱ्या गेल्या, पगार निम्मे झाले. निफाड-दिंडोरीकडे गारपिटीच्या वर्षीही हेच होतं, द्राक्षाचे पैसे आले नाहीत की पहिली कात्री महिन्याच्या औषधांवर चालते. माणूस गोळ्या पूर्ण बंद करत नाही, दोनाच्या जागी एक घेतो. क्रिएटिनिन तर 1.2 येतंय, मग चाललंय की! असं वाटतं आणि त्यात त्याची चूक नाही. योजनेतून किंवा देणग्यांतून ऑपरेशन होतं, त्याचे फोटोही निघतात. पुढच्या पंधरा वर्षांच्या गोळ्यांचा हिशेब ऑपरेशनआधी रुग्णाच्या घरच्यांसमोर कुणी मांडत नाही. 'रुग्ण बेफिकीर होता' असं आमच्या नोंदींत सहज लिहिलं जातं. मला तो शब्द आवडत नाही. पाळ्या, पैसा, अंतर आणि लॅबची वेळ या चारही गोष्टी त्या शब्दाखाली झाकल्या जातात.

अर्थात सगळाच दोष चुकलेल्या पातळीचा नसतो. नियमाने जगणाऱ्यांच्या किडन्याही जातात.

ज्या टॅक्रोलिमसने किडनी वाचते, तीच वर्षानुवर्षं घेतल्यावर किडनीतल्या बारीक धमन्या आकसवते आणि व्रणासारखं तंतुमय जाळं तयार होतं. सायक्लोस्पोरिन या त्याच जातीच्या जुन्या औषधाचंही तेच. 1980 च्या दशकात सायक्लोस्पोरिन आलं आणि पहिल्या वर्षीचं यश एकदम वाढलं. पण दहा-पंधरा वर्षांनंतरचं चित्र तितकं सुधारलं नाही, त्यामागचं हे एक कारण. पूर्वी सगळं खापर याच औषधांवर फोडायचे. आता अँटिबॉडी तपासता येतात तेव्हा कळतं की ज्याला आम्ही औषधाची इजा म्हणत होतो त्यातलं बरंचसं रिजेक्शन होतं. भीतीने डोस फार खाली आणणं त्यामुळे महागात पडलं. माझं मत विचाराल तर उशिराच्या काळात पाचाच्या खाली लेव्हल ठेवायला मी सहसा तयार होत नाही, तसं ठोस कारण असल्याशिवाय.

मूळ आजार परत येणं हे आणखी एक कारण. जगातलं पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट 23 डिसेंबर 1954 ला बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी केलं, त्याबद्दल 1990 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. रिचर्ड हेरिकला त्याच्या एकसारख्या जुळ्या भावाची, रोनाल्डची किडनी बसवली होती. दोघांची ओळख तंतोतंत एक, रिजेक्शनचा प्रश्नच नाही. रिचर्ड आठ वर्षं जगला, आणि भावाच्या त्या किडनीत त्याचा मूळ आजार परतला होता. एफएसजीएस (किडनीच्या गाळण्यांवर व्रण पडतात तो आजार) हा असा परतणारा आजार आहे. काही वेळा ऑपरेशननंतर दिवसांतच लघवीतून प्रोटीन जायला लागतं. आयजीए नेफ्रोपॅथी (गाळण्यांत आयजीए नावाची अँटिबॉडी साठते तो आजार) हळू परतते, वर्षं घेते. तुमच्या मिस्टरांची मूळ किडनी कशाने गेली होती? हे विचारतो, कारण आपल्याकडचे बरेच रुग्ण पहिल्यांदा डॉक्टरकडे येतात तेव्हाच किडन्या आक्रसलेल्या असतात, बायोप्सी करता येत नाही आणि फाईलवर 'कारण अज्ञात' लिहिलं जातं. मग आता दिसणारा आजार जुना की नवा, हे बायोप्सीवरूनच ठरवावं लागतं.

बीके व्हायरस लहानपणीच बहुतेकांच्या शरीरात शिरलेला असतो आणि गप्प असतो. औषधांचा मारा जास्त झाला की किडनीत जागा होतो. पहिल्या दोन वर्षांत जास्त दिसतो, मिस्टरांच्या बाबतीत शक्यता कमी, पण पीसीआरने तो वगळता येतो. ट्रान्सप्लांटनंतर स्टिरॉइड आणि टॅक्रोलिमसमुळे बऱ्याच जणांना नव्याने मधुमेह होतो. पाच-दहा वर्षं साखर वाढलेली राहिली की ती याही किडनीला खाते. बीपीही तसंच, आणि वारंवार होणारा लघवीचा जंतुसंसर्गही. दात्याच्या वयाचाही वाटा असतो. साठीच्या आसपासच्या माणसाची किडनी पस्तिशीतल्या किडनीइतकी राखीव ताकद घेऊन येत नाही. आणि जवळपास निम्म्या वेळा तर किडनी चालू असतानाच रुग्ण जातो, हृदयविकाराने, संसर्गाने किंवा कॅन्सरने. म्हणून तंबाखू, बीपी, कोलेस्टेरॉल यांच्यामागे आम्ही इतके लागतो.

दुखण्याच्या गोळ्या आणि इंजेक्शनं वेगळी सांगतो. कंबर धरली, गुडघा दुखला की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घेणं. हे एकाच किडनीवर जगणाऱ्याला परवडत नाही. पॅरासिटामॉलवर भागवा. काढ्यांबद्दल तुम्ही स्पष्ट विचारलं नाहीत, पण घरात कुणी ना कुणी आणून देतंच. प्रतिकारशक्ती वाढवणारी गुळवेल, अश्वगंधा यांचा दावाच मुळात आमच्या औषधांच्या उलट आहे. आपण जी फौज झोपवतोय, तिला उठवायचं कशाला? भस्मांमधल्या धातूंचा प्रश्न निराळा.

आता सुईची भीती. बसवलेली किडनी ओटीपोटात, बहुधा उजव्या बाजूला, कातडीपासून थोड्याच अंतरावर असते. त्यामुळे तिची बायोप्सी मूळ किडनीपेक्षा सोपी असते. मिस्टरांना उताणं झोपवतील, सोनोग्राफीवर किडनी दाखवतील, जागा बधिर करतील. ते इंजेक्शन चुरचुरतं, तेवढंच काय ते दुखणं. मग स्प्रिंगच्या सुईचा 'टक्' असा आवाज येतो. आवाजाने माणूस दचकतो म्हणून आम्ही आधीच एकदा हवेत वाजवून दाखवतो. जाड दोऱ्याएवढे, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांबीचे दोन तुकडे निघतात. किडनीत गाळण्या लाखोंनी असतात, त्यातल्या वीस-तीस या तुकड्यांत येतात. मग जागेवर दाब, पाच-सहा तास पडून राहणं, आणि लघवी लाल होते का ते पाहणं. थोडी लाल होऊ शकते, एक-दोन दिवसांत उतरते. गंभीर रक्तस्राव शंभरात एखाद्याला, अनेक ठिकाणी त्याहूनही कमी. अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, बीपी ताब्यात असू द्या. सुईने किडनी जाणं अत्यंत दुर्मिळ. ज्यांच्या ओळखीत 'बायोप्सीनंतर किडनी गेली' असं ऐकू येतं, तिथे बहुतेक वेळा बायोप्सी फार उशिरा झालेली असते, किडनी आधीच गेलेली असते.

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी विचारून घ्या. सूज किती आहे, आणि व्रण किती? सूज कमी करता येते, व्रण नाही. 'सी4डी' डाग दिसला का, आणि डीएसए सापडले का? या दोन्ही अँटिबॉडीच्या खुणा आहेत. मूळ आजार परतलाय का?

अँटिबॉडीचं जुनं रिजेक्शन निघालं तर सरळ सांगतो. ते पुसून टाकणारं खात्रीचं औषध आज हातात नाही. प्लाझ्मा बदलणं, आयव्हीआयजी आणि रिटुक्झिमॅबची इंजेक्शनं हे सगळं करून पाहिलं गेलंय. खर्च लाखांत जातो आणि जुन्या इजेत फायदा सिद्ध झालेला नाही. दागिने गहाण टाकून यांच्यामागे लागण्याआधी दुसऱ्या एका तज्ज्ञाचं मत घ्या. फेल्झार्टामॅब नावाच्या औषधाची छोटी चाचणी 2024 मध्ये प्रसिद्ध झाली, निकाल आशा वाटावी असे आहेत, पण ते अजून रोजच्या वापरात नाही. आज जे खरोखर उपयोगी पडतं ते दिसायला साधं आहे. टॅक्रोलिमसची पातळी स्थिर ठेवणं, मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दुसऱ्या गोळीचा पूर्ण डोस, बंद केलं असेल तर थोडं स्टिरॉइड परत, बीपी 130/80 च्या आसपास, प्रोटीन कमी करणाऱ्या गोळ्या. एवढ्यावर काही रुग्णांचं क्रिएटिनिन वर्षानुवर्षं एका जागी थांबलेलं मी पाहतो. थांबणं हेच यश मानायचं, 1.3 वर परत येईल अशी आशा धरू नका.

डायलिसिस लागेल का? लगेच नाही. लागलं तर कधी, हे व्रण किती आहेत आणि प्रोटीन किती जातंय यावर ठरेल. जिवंत दात्याची किडनी साधारण 15-20 वर्षं चालते, मेंदूमृत दात्याची 10-12, पण या सरासरी आहेत. किडनीचं काम 20 टक्क्यांच्या आसपास आलं की तयारी सुरू करायची, डायलिसिससाठी हातावर फिस्टुला (धमनी आणि शीर जोडणं), दुसऱ्या ट्रान्सप्लांटचा विचार, आणि घरात दाता नसेल तर यादीत नाव. नाशिक जिल्हा पुण्याच्या विभागीय अवयवदान समन्वय केंद्राच्या कक्षेत येतो, नोंदणी ट्रान्सप्लांटची परवानगी असलेल्या हॉस्पिटलमार्फत होते. या काळात दोन गोष्टी सांभाळा. हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून घाईने रक्त चढवू देऊ नका. प्रत्येक बाटलीबरोबर नव्या परक्या ओळखी शरीरात जातात आणि नव्या अँटिबॉडी होऊ शकतात. लोह आणि रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनने बहुतेक वेळा भागतं. आणि डायलिसिस सुरू झालं की "आता किडनी गेलीच" म्हणून गोळ्या एकदम बंद करू नका. त्यानेही अँटिबॉडी वाढतात आणि पुढची जुळणी अवघड होते. कोणती गोळी कधी उतरवायची ते डॉक्टरांशी ठरवून. जुनी किडनी सहसा काढत नाहीत, दुसरी डाव्या बाजूला बसते.

तुम्ही देऊ शकता का? 1994 च्या कायद्यात पती-पत्नी जवळच्या नातेवाइकांत मोडतात, त्यामुळे कायद्याची अडचण नाही, लग्नाचे पुरावे लागतात. वैद्यकीय बाजू थोडी गुंतागुंतीची आहे. सासूबाईंच्या ज्या परक्या ओळखीविरुद्ध अँटिबॉडी झाल्या, तीच ओळख योगायोगाने तुमच्यात असेल तर तुमची किडनी चालणार नाही. क्रॉसमॅचमध्ये (तुमच्या पेशी आणि मिस्टरांचं रक्त एकत्र करून पाहणारी तपासणी) ते कळतं. रक्तगट जुळत नसेल तर दुसऱ्या तशाच जोडप्याशी अदलाबदलीचा मार्ग कायद्यात आहे. ही सगळी पुढची पायरी. आज तुमच्यापुरतं एवढंच करा, रक्तगट, उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), बीपी आणि लघवीची साधी तपासणी. घरात मधुमेह असेल तर तेही लिहून ठेवा, दाता म्हणून विचार करताना पहिला प्रश्न तोच असतो.